विषाणूचा ताप आणि संधिवाताचा रिपोर्ट

१९०६ साली बर्लिनमध्ये ऑगस्ट फॉन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंश, म्हणजे सिफिलिस, ओळखण्यासाठी रक्ताची एक तपासणी तयार केली. जन्मजात सिफिलिस झालेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी प्रतिजन म्हणून, म्हणजे ज्याला प्रतिपिंड जाऊन चिकटतात असा पदार्थ म्हणून, वापरला होता. अशा यकृतात रोगाचे जंतू भरपूर असतात, तेव्हा रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड त्या जंतूंनाच चिकटत असणार, असा त्यामागचा सरळ तर्क होता. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्क वापरला तरी तपासणी तितकीच चांगली चालते. हा कोणता पदार्थ, याचा उलगडा व्हायला १९४१ साल उजाडले. त्या वर्षी मेरी पँगबोर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो वेगळा काढला आणि त्याला कार्डिओलिपिन हे नाव मिळाले. तो एक स्निग्ध पदार्थ असून माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या आवरणात तो असतोच. जंतू शोधणारी म्हणून गणली गेलेली तपासणी पस्तीस वर्षे शरीरातल्याच एका घटकाविरुद्धचे प्रतिपिंड मोजत होती.

याचा परिणाम अमेरिकेत फार ठळकपणे दिसला, कारण तेथे अनेक राज्यांत विवाहापूर्वी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीच्या वेळी ही तपासणी सरसकट होऊ लागली आणि ज्यांना सिफिलिस होण्याचे काहीच कारण नव्हते अशांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ लागले. १९४९ मध्ये प्रत्यक्ष जंतूविरुद्धचे प्रतिपिंड ओळखणारी वेगळी तपासणी हाती आली, तेव्हा या लोकांना सिफिलिस नाही हे सिद्ध करता आले, आणि १९५२ मध्ये मूर व मोर या दोन डॉक्टरांनी अशा फसव्या निकालांची जी विभागणी केली ती आजही तितकीच उपयोगी आहे. काहींच्या रक्तातील हे प्रतिपिंड एखाद्या तापानंतर उमटत आणि सहा महिन्यांच्या आत नाहीसे होत. काहींच्या रक्तात मात्र ते वर्षानुवर्षे टिकून राहत, आणि या दुसऱ्या गटातील बऱ्याच जणांना, त्यातही तरुण स्त्रियांना, पुढे ल्युपस हा रोग जडत असे. पहिल्या दिवशी दोन्ही गटांचे रिपोर्ट सारखेच दिसत होते. त्यांना वेगळे केले ते केवळ काळाने. विषाणुसंसर्गानंतर येणाऱ्या फसव्या रिपोर्टांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्याचा मोठा भाग या एका निरीक्षणात आहे.

शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने होणाऱ्या विकारांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. सांध्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणून हळूहळू हाडे झिजवणारा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, आणि त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कोणत्याही अवयवाला ग्रासू शकणारा ल्युपस ही त्यांतील दोन परिचित नावे. या रोगांत स्वतःच्या घटकांना चिकटणारे प्रतिपिंड रक्तात सापडतात, त्यांना स्वप्रतिपिंड म्हणावे. परंतु स्वप्रतिपिंड रक्तात असणे आणि स्वयंप्रतिकार रोग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिपोर्टाच्या कागदावर त्यांतली फक्त पहिली छापलेली असते.

आमवाताच्या तपासणीत पाहिल्या जाणाऱ्या आरए फॅक्टर या स्वप्रतिपिंडाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. नॉर्वेतील एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेतील हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे असे नोंदवले, की सशाच्या प्रतिपिंडांचा थर दिलेल्या मेंढीच्या लाल पेशी आमवाताच्या रुग्णाच्या रक्तद्रवात गोळा होतात. पुढे लॅटेक्सच्या सूक्ष्म मण्यांवर माणसाचेच प्रतिपिंड चिकटवून तीच तपासणी सोपी करण्यात आली, आणि लहान गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती अजूनही तशीच होते. काळ्या पृष्ठभागाच्या स्लाइडवर रुग्णाच्या रक्तद्रवाचा एक थेंब आणि दुधासारख्या पांढऱ्या लॅटेक्स द्रावाचा एक थेंब काडीने मिसळतात आणि स्लाइड हातात धरून दोनेक मिनिटे हलकेच झुलवतात. थेंब गुळगुळीत राहिला तर निगेटिव्ह. नासलेल्या दुधासारखे कण त्यात सुटे होऊन दिसू लागले तर पॉझिटिव्ह. हे कण तयार होतात कारण आरए फॅक्टर हा प्रतिपिंडांनाच चिकटणारा प्रतिपिंड आहे आणि तो एकाच वेळी अनेक मण्यांना धरून ठेवतो.

आता असा प्रतिपिंड शरीरात मुळात का असावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एखादा विषाणू शरीरात शिरला की त्याला चिकटलेल्या प्रतिपिंडांचे आणि विषाणूच्या तुकड्यांचे गुंतवळ रक्तात तयार होतात, आणि ते गोळा करून रक्तातून दूर करण्याच्या कामी आरए फॅक्टर मदत करतो. म्हणजे तो आमवाताने निर्माण केलेला विकृत पदार्थ नसून निरोगी प्रतिकाराचा एक जुना आणि उपयुक्त भाग आहे, जो आमवातात प्रमाणाबाहेर आणि दीर्घकाळ तयार होत राहतो. ज्या ज्या आजारात प्रतिकारयंत्रणेला महिनोन्महिने झुंजावे लागते, मग ती हृदयाच्या झडपांवरील जंतुबाधा असो, क्षय असो, कुष्ठरोग असो किंवा यकृतात ठाण मांडून बसलेला विषाणू असो, त्यात तो वाढू शकतो. वाढत्या वयात तर तो कोणत्याही आजाराविना सापडतो.

विषाणू आणखी दोन वाटांनी रिपोर्ट फिरवतात. प्रतिपिंड तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात, आणि एरवी विशिष्ट शत्रू ओळखणारी बी पेशीच तेवढी जागी होते. परंतु एप्स्टाइन-बार विषाणू थेट बी पेशींमध्येच शिरून त्यांना सरसकट चालना देतो, त्यामुळे ज्यांची काहीच गरज नव्हती असे अनेक प्रतिपिंड एकदम रक्तात उतरतात. दुसरी वाट साम्याची. हिपॅटायटिस सी विषाणूच्या प्रथिनातील एक छोटा भाग यकृतपेशीतील एका विकराशी, म्हणजे एन्झाइमशी, मिळताजुळता आहे. विषाणूसाठी घडलेला प्रतिपिंड त्या विकरालाही चिकटू शकतो आणि मग तपासणीत तो यकृताविरुद्धचा स्वप्रतिपिंड म्हणून नोंदला जातो. शिवाय संसर्गात मेलेल्या पेशींचे केंद्रक फुटून त्यातील एरवी झाकलेली प्रथिने उघडी पडतात, ती वेगळीच. अशा घाईने तयार झालेल्या प्रतिपिंडांपैकी पुष्कळसे आयजीएम या पहिल्या फळीच्या जातीचे असतात, त्यांची पकड सैल असते, आणि चालना थांबली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते ओसरतात.

महाराष्ट्रात हा विषय चिकुनगुन्यामुळे घरोघरी पोहोचला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये या विषाणूची मोठी साथ येऊन गेली होती, त्यानंतर तीन दशके तो जवळपास विसरला गेला, आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा २००६ या एका वर्षात देशभरात १४ लाखांच्या आसपास संशयित रुग्णांची नोंद झाली. या आजारात ताप काही दिवसांत उतरतो, पण सांधे धरलेलेच राहतात. सकाळी मूठ मिटत नाही, भरलेला तांब्या उचलताना मनगटातून कळ जाते, जिना उतरताना घोटे साथ देत नाहीत. आणि हे सारे दोन्ही बाजूंना सारखे, हाताच्या लहान सांध्यांत, सकाळच्या आखडलेपणासह होते. आमवाताचे पाठ्यपुस्तकातील वर्णनही नेमके हेच आहे. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण काहींची सांधेदुखी महिनोन्महिने आणि क्वचित वर्षानुवर्षे रेंगाळते, आणि अशा रेंगाळलेल्या रुग्णाने आर्थरायटिस प्रोफाइल नावाचे तपासण्यांचे पॅकेज करून घेतले आणि त्यात आरए फॅक्टर पॉझिटिव्ह निघाला, तर त्याच्यावर आमवाताचा शिक्का बसायला फारसा वेळ लागत नाही.

वास्तविक चिकुनगुन्याच्या बहुसंख्य रुग्णांत आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. तरीही ही चूक का होते, हे साध्या गणिताने कळते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले, म्हणजे १,००० प्रौढांत ५ रुग्ण. आमवाताच्या १०० पैकी ७० ते ८० रुग्णांत आरए फॅक्टर सापडतो, तेव्हा या पाचांपैकी चौघे पॉझिटिव्ह येतील असे धरू. उरलेल्या ९९५ निरोगी माणसांत पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ५० जणांत, तो कारणाविनाच सापडतो. एकूण ५४ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरे ४. तपासणी बिघडलेली नाही, किटही चांगले आहे, तंत्रज्ञानेही काम चोख केले आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कोणाची केली. साथीच्या दिवसांत हजारो दुखऱ्या सांध्यांची तपासणी एकदम होते, तेव्हा हे पन्नास जण विषाणूने काही केले नाही तरी पॉझिटिव्ह येणारच असतात, आणि विषाणूमुळे खरोखर वाढलेला आरए फॅक्टर त्यांत भर घालतो.

म्हणूनच अनुभवी संधिवाततज्ज्ञ आकडा पाहण्याआधी हकिगत विचारतो. दुखणे एका दिवसात, थंडी वाजून भरलेल्या तापाबरोबर सुरू झाले की हळूहळू वाढत गेले, अंगावर पुरळ आले होते का, घरात किंवा गल्लीत आणखी कोणाला असेच झाले का, आणि त्यास किती आठवडे लोटले, या उत्तरांतून जेवढे कळते तेवढे पुष्कळदा पूर्ण प्रोफाइलमधून कळत नाही. आरए फॅक्टर मर्यादेच्या किंचित वर आहे की तिपटीहून अधिक, हेही पाहिले जाते. २०१० मध्ये ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत या दोहोंना वेगवेगळे गुण आहेत. याच निकषांत सहा आठवडे किंवा अधिक काळ टिकलेल्या दुखण्यालाही गुण आहेत आणि सांध्यांच्या सुजेला दुसरे कोणतेही अधिक पटणारे कारण नसावे अशी अट आहे. ही अट विसरून नुसते गुण मोजले, तर रेंगाळलेल्या चिकुनगुन्याचे काही रुग्ण त्या निकषांत सहज बसतात. अँटी-सीसीपी हा प्रतिपिंड आरए फॅक्टरपेक्षा पुष्कळ अधिक नेमका असून विषाणूजन्य सांधेदुखीत तो बहुधा निगेटिव्ह असतो, परंतु भारतात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सक्रिय क्षयरोगातही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो.

मुलांच्या गालांवर लाल चट्टे आणणारा पार्व्हो बी-१९ हा विषाणूही असाच चकवतो. १९७५ मध्ये लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट यांना तो रक्ताच्या नमुन्यांत योगायोगाने सापडला. लहान मुलांना सांभाळणाऱ्या तरुण आयांना आणि शिक्षिकांना तो मुलांकडून मिळतो आणि त्यांचे हातांचे सांधे सुजतात. आरए फॅक्टर, केंद्रकाविरुद्धचे प्रतिपिंड, कधी तर ल्युपसचे खास मानले जाणारे डीएनएविरुद्धचे प्रतिपिंडही काही काळ सापडतात, आणि बहुतेकींमध्ये काही आठवड्यांत सांधे मोकळे होतात.

हिपॅटायटिस सी ची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तेथे चुकीच्या शिक्क्याची किंमत यकृताला मोजावी लागते. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यापूर्वी ज्यांच्या यकृताचा दाह केवळ स्वप्रतिपिंडांच्या आधारे स्वयंप्रतिकार हिपॅटायटिस म्हणून गणला गेला होता, त्यांतील काहींच्या, विशेषतः इटलीतील रुग्णांच्या रक्तात पुढे हा विषाणू सापडला. स्वयंप्रतिकार हिपॅटायटिसवर स्टेरॉइड हे जीव वाचवणारे औषध आहे; विषाणू असताना तेच औषध विषाणूला मोकळे रान देते. विलक्षण असे, की पहिल्या पिढीची हिपॅटायटिस सी ची तपासणी उलट दिशेनेही फसली: खऱ्या स्वयंप्रतिकार हिपॅटायटिसच्या रुग्णांत रक्तातील एकूण प्रतिपिंड इतके वाढलेले असतात की त्यांतले काही तपासणीच्या पृष्ठभागाला उगाचच चिकटत आणि विषाणू नसताना तो असल्याचा रिपोर्ट येई. या गोंधळातून सुटका झाली ती विषाणूचे जनुकीय द्रव्यच थेट मोजणाऱ्या पीसीआर तपासणीमुळे. प्रतिपिंड हे शरीराने दिलेले उत्तर असते. पीसीआर खुद्द विषाणूलाच शोधते.

याच विषाणूच्या काही रुग्णांत आरए फॅक्टर आणि विषाणूचे गुंतवळ मिळून असे प्रथिन बनते, जे थंडीत साकळते आणि उबेत पुन्हा विरघळते. त्याला क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. ते शोधायचे तर रक्त काढल्यापासून गोठून द्रव वेगळा होईपर्यंत नमुना ३७ अंश सेल्सियस तापमानात ठेवावा लागतो. संकलन केंद्रावर काढलेला नमुना बर्फाच्या पेटीतून शहरातल्या मोठ्या लॅबकडे गेला, तर ते प्रथिन वाटेतच गुठळीबरोबर खाली बसते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पायांवर जांभळे ठिपके, सांधेदुखी आणि बेसुमार वाढलेला आरए फॅक्टर असलेल्या रुग्णाला आमवाताचा म्हणण्यापूर्वी हिपॅटायटिस सी ची तपासणी करणे म्हणूनच आवश्यक ठरते, आणि आता तर गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने हा विषाणू बहुतेक रुग्णांच्या शरीरातून पूर्ण घालवता येतो. हिपॅटायटिस बी ची तपासणीही प्रतिकारशक्ती दडपणारे औषध देण्यापूर्वी करतात, कारण दबलेला तो विषाणू अशा औषधाने उसळून यकृत निकामी करू शकतो.

केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, म्हणजे एएनए, हा आणखी एक वारंवार गैरसमज निर्माण करणारा रिपोर्ट. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचा थर असलेल्या काचेवर रुग्णाचा पातळ केलेला रक्तद्रव सोडतात, चिकटलेल्या प्रतिपिंडांवर चमकणारे रसायन चढवतात, आणि अंधाऱ्या खोलीत विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रके हिरवी उजळतात का ते पाहतात. रक्तद्रव ४० पट, ८० पट, १६० पट असा पातळ करत नेला तरी चमक दिसत राहिली, तर तो अंतिम आकडा टायटर म्हणून लिहिला जातो. एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निरोगी माणसांचे रक्त अनेक प्रयोगशाळांत तपासले, तेव्हा ४० पट पातळ केलेल्या द्रवात सुमारे ३२ टक्के, ८० पटीत १३ टक्के आणि १६० पटीत ५ टक्के लोक पॉझिटिव्ह आले. ल्युपसचे बहुतेक सर्व रुग्ण यात पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टाला मोठे मोल आहे. पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र लक्षणांवाचून जवळजवळ मुका असतो. थकवा आणि अंगदुखी एवढ्याच तक्रारीवरून एएनए करू नये, हा तज्ज्ञांचा आग्रह त्यातूनच आलेला आहे, आणि तो पाळला गेला तर कितीतरी तरुण मुलींच्या नावापुढे लागणारा ल्युपसचा संशय, आणि त्यापायी घरात पसरणारी काळजी, टळेल.

फसवणूक उलट दिशेनेही होते. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे निदान करण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तयार केलेली किट देशभर वापरली जातात, आणि ती विषाणूविरुद्धच्या आयजीएम प्रतिपिंडांवर आधारलेली आहेत. आरए फॅक्टर हाही बहुधा आयजीएमच असतो आणि दुसऱ्या प्रतिपिंडांना चिकटणे हाच त्याचा स्वभाव आहे. त्यामुळे आमवाताच्या जुन्या रुग्णाच्या रक्तात, जुन्या संसर्गाचे आयजीजी प्रतिपिंड शिल्लक असतील, तर काही पद्धतींच्या आयजीएम तपासणीत ताज्या संसर्गाचा खोटा इशारा मिळू शकतो. अशा पद्धतींत प्रयोगशाळा आयजीजी किंवा आरए फॅक्टर आधीच शोषून काढणारे द्रावण वापरतात. आधीपासून आमवात असेल तर ते लॅबमध्ये रक्त देतानाच सांगण्याचा उपयोग येथे होतो.

१९५२ मध्ये मूर आणि मोर यांनी काळाची जी कसोटी लावली होती, ती आज नियमाच्या रूपात आहे. रक्तात गुठळ्या होणे आणि वारंवार गर्भपात होणे या तक्रारींमागे असणारे फॉस्फोलिपिडविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे वासरमान यांनी नकळत मोजलेल्या प्रतिपिंडांचेच नातलग, एकदा सापडले तर निदान होत नाही; २००६ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार किमान १२ आठवड्यांनी ते पुन्हा सापडावे लागतात. २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांत ते पुष्कळ प्रमाणात दिसू लागले आणि जगभर खळबळ उडाली, परंतु त्या तपासण्यांवर दाहाच्या काळात वाढणाऱ्या सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा आणि गुठळी टाळण्यासाठी दिलेल्या हेपॅरिनचाही परिणाम होतो, आणि अनेकांमध्ये ते नंतर नाहीसे झाले.

तरीही या साऱ्यावरून ओसरणारे तेवढे खोटे आणि टिकणारे तेवढे खरे अशी सोपी वाटणी करता येत नाही. काही विषाणू स्वयंप्रतिकार रोगाचा आभास निर्माण करण्याबरोबरच, जनुकीय कल असलेल्या माणसांत, त्याची सुरुवातही करून देत असावेत, असा रास्त संशय आहे. ल्युपस झालेल्या मुलांमध्ये एप्स्टाइन-बार विषाणूच्या जुन्या संसर्गाच्या खुणा इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळल्या आहेत. अमेरिकेच्या सैन्यदलांनी साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा ८८ टक्के लोकांच्या रक्तात रोगाची ओळख पटण्यापूर्वीच कोणता ना कोणता स्वप्रतिपिंड होता, काहींमध्ये तर ९ वर्षांहून अधिक आधी. केंद्रकाविरुद्धचे आणि फॉस्फोलिपिडविरुद्धचे प्रतिपिंड आधी आले होते. स्मिथ आणि आरएनपी या प्रथिनांविरुद्धचे अधिक खास प्रतिपिंड रोग प्रकट होण्याच्या सुमारास उमटले होते. त्यामुळे ताप जाऊन सहा महिने झाल्यावरही ज्यांचा एएनए उच्च टायटरमध्ये टिकून राहतो, त्यांना लक्षणे नसताना औषध देण्याचे कारण नसले, तरी वर्षातून एकदोनदा रक्तदाब, रक्तपेशींची मोजणी आणि लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी करून घेणे योग्य ठरते, आणि उन्हात उठणारे चट्टे, तोंडातील न दुखणारे व्रण, अचानक गळू लागलेले केस किंवा पायांवरील सूज दिसताच ती तपासणी पुढच्या तारखेची वाट न पाहता करावी. एएनए स्वतः पुन्हा पुन्हा मोजण्याची मात्र गरज नसते, कारण त्याचा आकडा रोगाच्या चढउताराबरोबर चढत-उतरत नाही.